ओसरीवरचा बाक

मी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरते. कोरणीनं रेघ काढायची, रेघेत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून यंत्राखालून दाबून काढायचा. तीस वर्षं हेच काम केलं आणि कलाशाळेत मुलामुलींना हेच शिकवलं. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत याच कामासाठी तीन आठवडे इस्राएलला गेले. परत आल्यावर लोक विचारतात, जेरुसलेम पाहिलंत का, मृत समुद्रात तरंगलात का. दोन्ही केलं. पण ते पुष्कळांनी लिहिलेलं आहे. मला सांगायचंय ते वाळवंटाच्या कडेला असलेल्या ओफाकिम नावाच्या लहान गावातल्या चार दिवसांचं.

अलिबागला आमच्या शेजारी रिबेकामावशी राहतात. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून माझे आजोबा त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मावशींची चुलत बहीण हन्नाबाई तरुणपणीच ओफाकिमला जाऊन राहिल्या. तिथल्या बेने इस्राएल लोकांनी नवं प्रार्थनामंदिर बांधायला घेतलं होतं, आणि त्याच्या प्रवेशद्वाराशी त्यांना कोकणातल्या आपल्या जुन्या मशिदीचं चित्र लावायचं होतं. प्रार्थनामंदिराला ही मंडळी अजून मशीदच म्हणतात.

“तू जातेयस तर काढून दे,” मावशी म्हणाल्या.

मी निघण्याआधी ती मशीद असलेल्या खाडीपलीकडच्या गावाला जाऊन आले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मशिदीची कौलं जाऊन वर स्लॅब आला होता, ओसरी आत घेऊन भिंत चढवली होती, दाराला कुलूप होतं. जुनी मशीद आता फक्त लोकांच्या आठवणीत होती. मावशींनी दिलेली वालाची आणि कोकमाची पुरचुंडी घेऊन मी विमानात बसले.

जेरुसलेम

तिथल्या एका संग्रहालयात बरोक काळातले, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातले, कोरीव छाप ठेवले आहेत. युरोपातल्या चर्चचे, प्रार्थनामंदिरांचे, त्यांतल्या समारंभांचे. ते सांभाळणाऱ्या मिर्यामबाई साठीच्या, जन्मानं हॉलंडच्या. हात धुवायचे, पेन बाहेर ठेवायचं, मग टेबलाशी बसायचं. आमच्याकडे सोवळ्यात स्वयंपाकघरात जातात तसं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक मोठा छाप पुढ्यात ठेवला. सतराव्या शतकातला, हॉलंडमधल्या एका प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाचा. छताला भिडलेले खांब, साखळ्यांना लोंबणारी झुंबरं, उंच खिडक्या. माणसं मात्र खांबाच्या बैठकीइतकीच.

“खरी इमारत इतकी उंच नसणार,” मी म्हटलं.

“नाहीच,” त्या म्हणाल्या. “माणसं लहान काढली की घर मोठं दिसतं. हे लोक स्पेन-पोर्तुगालमधून पळून आलेले. तिथं पिढ्यान् पिढ्या धर्म लपवून जगले. आता आम्हाला लपावं लागत नाही, हे त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं.”

पुढच्या बाजूला पिसांच्या टोप्या घातलेले काही ख्रिस्ती गृहस्थ उभे होते. मला ते उगाच मध्ये आल्यासारखे वाटले. मिर्यामबाई म्हणाल्या, “ते फार महत्त्वाचे. गावातली वजनदार माणसं समारंभाला आली, म्हणजे गावाची परवानगी आहे.” वरच्या सज्ज्यात बायका होत्या, पण जाळीआड. कोरणाऱ्यानं त्यांच्या जागी नुसत्या आडव्या-उभ्या रेघा मारल्या होत्या.

देऊळ कोण बांधतं, आत कोण बसतं आणि बाहेर कोण राहतं, हे आपल्याकडेही सांगावं लागत नाही. पण ते इतकं रेघेरेघेनं वाचता येतं हे मला त्या आठवड्यात कळलं.

गुरुवारी त्यांनी त्याच पत्र्याचा दुसरा छाप काढला, काही वर्षांनी घेतलेला. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी माझ्याकडे भिंग सरकवलं. थोडा वेळ लागला, मग मला दिसलं. पहिल्या छापात दाराशी तिघं होती: एक पुरुष, कडेवर मूल घेतलेली बाई, पायाशी गाठोडं. दुसऱ्या छापात तिथं फक्त चौकटीची फरशी. तांब्यावरची रेघ घालवायची तर पत्रा खरवडावा लागतो, घोटावा लागतो, मागून ठोकून पुन्हा वर आणावा लागतो. कितीही कौशल्य असलं तरी तिथं धूसर डाग राहतोच. भिंगातून मला तो दिसला.

“कोण होती ही?”

“पूर्वेकडून आलेले गरीब ज्यू असावेत. आतल्यांचेच धर्मबंधू. झाडलोटीला आणि दान घ्यायला यायचे.”

“आणि काढून का टाकलं?”

“ते कुठं लिहिलेलं नाही,” मिर्यामबाई म्हणाल्या. “ज्यांनी छापून घेतलं त्यांना दारात ती नको असतील.”

ओफाकिम, शुक्रवार

शुक्रवारी दुपारनंतर त्या देशात बसगाड्या थांबतात, म्हणून मी सकाळीच निघाले. बेर-शेव्याला गाडी बदलायची होती. फलाटावरची हिब्रू अक्षरं मला येत नव्हती. मी बसले ती गाडी अरादकडे, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला निघाली. वीस मिनिटांनी ड्रायव्हरनं तिकीट पाहून मान हलवली आणि मला एका तिठ्यावर उतरवलं.

तिथं मी एकटीच उभी राहिले. तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो, तो नुकताच झाला होता, त्यामुळे टेकड्यांवर मिसरूड फुटावं तसं विरळ हिरवं होतं. लांबवर बदाउनांचे, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचे, काळे तंबू, शेळ्या, एक बाई पाण्याचे डबे भरत होती. आवाज नाही. कोकणातल्या सड्यावर भर दुपारी उभं राहिल्यावर असते तशी शांतता, फक्त इथं समुद्राचा वास नव्हता. भीती वाटली हे कबूल करते. अखेर सुट्टीवर घरी निघालेली एक सैनिक मुलगी आली, तिनं मला परतीच्या गाडीत बसवलं आणि बेर-शेव्याला ओफाकिमच्या शेवटच्या गाडीपर्यंत हात धरून नेलं. या धावपळीत कोकमाची पुरचुंडी फुटली आणि माझ्या कोऱ्या कागदांच्या कडा गुलाबी झाल्या.

हन्नाबाई बासष्टच्या. गोल चेहरा, फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल. सरकारी वसाहतीतल्या तळमजल्याच्या घरात दारातच उभ्या होत्या.

“आलीस काय बाय. आमचा जीव टांगणीला. शब्बाथ लागेल आता.” पुरचुंडी हुंगून त्यांनी डोळे मिटले. “रिबीनं वाल पाठवले. हितं मिळतात ते वाल नाय, नुसते दगड.”

त्यांचे यजमान इसाजीमामा, उंच, वाकलेले, फारसं न बोलणारे. दोघांनीही इथल्या कापडगिरणीत आयुष्य काढलं. धाकटी मुलगी ओर्ली बेर-शेव्याच्या दवाखान्यात परिचारिका. आई मराठीत विचारी, ती हिब्रूत उत्तर देई, आणि माझ्याशी इंग्रजीत बोले.

हन्नाबाईंनी दिवे लावले. मामांनी मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हटली आणि पेला पहिल्यांदा माझ्याकडे दिला. मग नारळाच्या रसातली मच्छी कढी, चपात्या आणि भात. चव थेट आमच्या स्वयंपाकघरातली. मी पेन्सिल काढायला गेले तशी ओर्लीनं हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला. शब्बाथ सुटेपर्यंत, म्हणजे शनिवारी अंधार पडेपर्यंत, काही लिहायचं नाही, काढायचं नाही. उद्या सगळे जुने लोक भेटणार होते आणि मला नुसतं ऐकायचं होतं.

शनिवार

नवं मंदिर अजून अर्धवट होतं. प्रार्थना शेजारच्या एका साध्या दिवाणखान्यात होत होती. ती संपल्यावर दहा-बाराजण माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले. पुढाकार हन्नाबाईंचे थोरले भाऊ बेंजामिन यांचा. सत्तरीचे, पूर्वी मुंबईत कारकून, आता बांधकाम कमिटीचे अध्यक्ष.

“लेट अस बी सिस्टिमॅटिक,” ते म्हणाले. “आधी बाहेरून, मग आत.”

पण आठवणी रांगेत येईनात. पायऱ्या पाच की सात यावर दोन भाऊ भांडले. विहीर उजवीकडे होती, तिच्या काठावर पाय धुऊन आत जायचं. मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, तिथं उभं राहून हझान प्रार्थना सांगायचा. एलियाहू पैगंबराची खुर्ची रिकामी ठेवलेली. तेलाचे दिवे. एका म्हातारीनं डोळे मिटून सांगितलं, “खिडकीतून माड दिसायचे. मी तेच बघत बसायची, तेफिला कधी ऐकलीच नाय.” तेफिला म्हणजे प्रार्थना. सगळे हसले. मी पायऱ्या, खिडक्या, खांब बोटांच्या पेरांवर मोजून लक्षात ठेवत होते. इसाजीमामा कोपऱ्यात बसून होते. त्यांनी एक शब्द काढला नाही.

घरी परतताना हन्नाबाई आणि ओर्ली पुढं गेल्या. मामा माझ्याबरोबर सावकाश चालत होते. बदामाच्या एका झाडाला पांढरा बहर आला होता, त्याच्यापाशी ते थांबले.

“बाय, ओसरीवर डाव्या हाताला एक बाक होता. तो त्यांनी सांगितला नाय.”

“कसला बाक?”

“आमचा. आमच्यात दोन होते, गोरे इस्राएल नि काळे इस्राएल. कातडीवर नाय हां. कुणाच्या तरी खापरपणजीनं जातीबाहेरच्याशी घर मांडलं असेल, त्यांची सगळी पुढची पोरं काळी. त्यांनी आत बसायचं नाय. ओसरीवर, त्या बाकावर. किद्दुशचा पेला, काल तुला दिला तसला, सगळ्यांचा झाल्यावर आमच्याकडे यायचा. कधी यायचा, कधी नाय.” त्यांनी बदामाच्या बुंध्याला हात टेकला. “गावाचं बघून शिकलो असू. देवळाबाहेर कोण उभं राहातं ते आपल्या पोरांनाही दिसतच होतं.”

आमच्या गावच्या देवळात पायरीखाली कोण उभं राहायचं हे मला माहीत होतं. आमचं घर पायरीच्या वरचं.

“काढशील?” मामांनी विचारलं.

“काढीन,” मी म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं.

रविवार

सकाळपासून जेवणाच्या टेबलावर बसून काढलं. पायऱ्या सहा केल्या, म्हणजे दोन्ही भाऊ नाराज. कौलं, विहीर, पाच खिडक्या, मागं माड. आणि ओसरीवर डावीकडे बाक. तो रिकामाच ठेवला. कुणी बसलेलं काढायचा मला अधिकार आहे असं वाटेना.

दुपारी बेंजामिन आले. चष्मा लावून कागदावर वाकले आणि त्यांचा चेहरा फुलला. “एक्झॅक्टली. ही खिडकी, अगदी हीच.” मग नजर डावीकडे सरकली. ते सरळ झाले.

“हे कुणी सांगितलं?”

“मी सांगितलं,” इसाजीमामा खुर्चीतून म्हणाले.

“इसाजी, हे चित्र पोरांसाठी आहे. नातवंडांसाठी. इथं सगळे एक आहेत. कुणाला माहीतही नाही. कशाला उकरून काढायचं?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही खोडून टाका. पेन्सिल आहे ना.”

खोडरबर टेबलावरच होतं. मी पाहुणी होते, त्यांच्या घरात जेवत होते, भांडण त्यांचं होतं. हात पुढं गेला हे मी लपवत नाही. पण गुरुवारी पाहिलेली ती मोकळी फरशी डोळ्यांसमोर आली आणि मी हात मागं घेतला.

“मला खोडता येणार नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला हे चित्र नको असेल तर घेऊ नका.”

ओर्ली आतून आली. आवाज चढलेला तिनं ऐकला होता. “अब्बा, काय झालं?” तिनं हिब्रूत विचारलं. एवढं मलाही कळलं. तेव्हा हन्नाबाई पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसत पुढं आल्या आणि टेबलाच्या कडेला टेकल्या.

“मी सांगते. मी आतली होते, हे बाहेरचे. दर शनवारी मी त्या बाकासमोरून जायची. जाताना लुगडं असं आवरून घ्यायची, ह्यांच्या पायाला लागू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. आईचं बघून.” त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. “तेहेतीस वर्षं संसार केला, पण ही गोष्ट मी कधी बोलले नव्हते.”

“मला माहीत होतं,” मामा म्हणाले. “मी पाय मागं घ्यायचो.”

हन्नाबाई तोंडाला रुमाल लावून बसून राहिल्या. मग मामांनीच ओर्लीला जवळ बसवलं आणि हिब्रूत सांगितलं. सावकाश, अडखळत. मधेच मराठी शब्द येत: ओसरी, बाक, काळे. ओर्लीनं दोन प्रश्न विचारले. दुसरा विचारताना तिनं बेंजामिनकडे, आपल्या सख्ख्या मामाकडे पाहिलं, आणि ‘तू आत बसायचास?’ हा तिचा प्रश्न मला भाषा न येताही समजला. बेंजामिननी मान खाली घातली.

बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. हन्नाबाई उठून चहा टाकायला गेल्या. बेंजामिननी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि कागद स्वतःकडे ओढला.

“बाक आखूड काढलायत तुम्ही,” ते म्हणाले. “तो खांबापासून भिंतीच्या टोकापर्यंत होता.”

त्यांनी बोट ठेवलं तिथपर्यंत मी रेघ वाढवली.

त्या चित्राचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. घरी आल्यावर मी पत्रा कोरला. साडेतीन महिने लागले. छाप पाठवले, त्यातला एक नव्या मंदिराच्या प्रवेशद्वाराशी लागला. तसा ठराव करताना कमिटीत दोनदा भांडण झालं, असं ओर्लीनं कळवलं. दोन्ही वेळा चित्राच्या बाजूनं बेंजामिन उभे राहिले. खाली हिब्रूत आणि मराठीत गावाचं नाव आहे. बाकाविषयी काही लिहिलेलं नाही. मुलं विचारतात, आणि ज्याला जेवढं माहीत आहे तेवढं तो सांगतो.

सोमवार

सकाळी हन्नाबाईंनी वालाचं बिरडं आणि चपात्या डब्यात भरून दिल्या. मामा घरी नव्हते. वसाहतीमागच्या आपल्या भाजीच्या तुकड्यात गेले होते, मी तिथंच जाऊन त्यांचा निरोप घेतला. बसथांब्यावर पोचले तर बेंजामिन बाकड्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायांतले बूट मात्र चिखलानं भरलेले.

“तुम्हाला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “आम्ही इथं आलो तेव्हा इथल्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, आम्हाला विचारलं, तुमच्या आया, आज्या खऱ्या ज्यू होत्या कशावरून? त्याशिवाय लग्नं लावणार नाही म्हणाले. आम्हाला. मला. जेरुसलेमला जाऊन आम्ही निदर्शनं केली, दिवसेंदिवस रस्त्यावर बसलो. मी तावातावानं भाषणं द्यायचो. इसाजी माझ्या शेजारी बसलेला असायचा, पाण्याचा कॅन घेऊन. माझा घसा सुकला की पाणी द्यायचा.”

त्यांनी बुटाचा चिखल बाकड्याच्या पायाला घासला.

“त्यानं तेव्हा मला एक शब्द ऐकवला असता, तर माफी मागून मोकळा झालो असतो. त्यानं ऐकवला नाही. पुढं त्यानं हन्नाशी लग्न केलं, तर मी तीन वर्षं बहिणीशी बोललो नाही. तरी तो काही बोलला नाही.”

“अजून वेळ गेलेली नाही,” मी म्हटलं.

“आज गेलो होतो. उजाडताच. तो वांग्यांना पाणी घालत होता. मी म्हटलं, इसाजी, मला बोलायचंय. तो म्हणाला, पाइप धर. मग मी पाइप धरला आणि तो पुढं वाफे मोकळे करत गेला. अर्धा तास.”

गाडी वळणावर दिसली. ड्रायव्हरनं दिव्यांची उघडझाप केली. मी पिशवी उचलली.

“मग बोललात?”

“शेवटच्या वाफ्याला बोललो. जे होतं ते सगळं.” बेंजामिन उभे राहिले, त्यांनी माझी बॅग गाडीच्या पायरीवर ठेवली. “त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरं, आता नळ बंद करून ये.”